खोक्यांचं नंतर बघू, आधी एसीचं बोला

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. बदली झाली आहे, मे महिन्यात नागपूरला बिऱ्हाड न्यायचंय. ‘पर्यावरणाला कमीत कमी त्रास होईल असं हलायचं आहे. बबल रॅपला पर्याय काय? पुठ्ठ्याची खोकी नवी घ्यावीत की जुनी? आणि खरोखर पर्यावरणपूरक म्हणावी अशी कोणती कंपनी आहे का?’

मी बावीस वर्षं हेच काम करतोय. लोकांची घरं इथून उचलायची आणि तिथे मांडायची. हा प्रश्न हल्ली महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि दर वेळी सुरुवात बबल रॅपनेच होते. साहजिक आहे, तो डोळ्यांना दिसतो. पण तुमच्या घरातून निघणारं सगळ्यात मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ते भिंतीवर टांगलेलं आहे. म्हणून खोक्यांचं नंतर बघू.

तुमच्याकडे स्प्लिट एसी असणार, बहुधा दोन. बाहेरच्या युनिटवरचा स्टिकर वाचा. आत कोणता गॅस आहे आणि किती किलो आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. जुन्या मशीनमध्ये आर-22, मधल्या काळातल्यांत आर-410ए, अलीकडच्या बऱ्याचशा मशीनमध्ये आर-32. दीड टनाच्या घरगुती एसीत साधारण पाऊण ते सव्वा किलो गॅस असतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने 1 किलो आर-22 हवेत सुटला तर तो सुमारे 1,810 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, आर-410ए सुमारे 2,088 किलोइतकी, आर-32 सुमारे 675 किलोइतकी. आर-22 शिवाय ओझोनच्या थरालाही खातो. म्हणून तर 1987 च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय.

आता ट्रकशी ताडून बघा. पुणे ते नागपूर साधारण 700 किलोमीटर. चौदा फुटी गाडी भरलेली असताना लिटरला सात किलोमीटर धरली तर 100 लिटर डिझेल. एक लिटर जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सगळे मिळून 270 किलो. जुन्या एसीतला किलोभर गॅस मेकॅनिकने हवेत सोडला, की तुमचं सामान नागपूरला सहा-सात वेळा नेल्याइतकं नुकसान झालं. पाच मिनिटांत, गॅलरीत, तुम्ही आत कपाट आवरत असताना.

आणि तो सोडला जातो, हे मी स्वतः पाहिलंय. धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत आम्हीही तेच करायचो, कारण सोबतचा मुलगा पान्याने नट फिरवायचा आणि मोकळा व्हायचा. फुस्स करून दीड-दोन मिनिटं आवाज यायचा, गॅलरीत जरा गार वाटायचं, आणि आम्हाला त्यात काही वावगं आहे हे माहीतच नव्हतं. नव्या घरी गेल्यावर ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ हे ठरलेलं वाक्य. ग्राहक वर पैसे मोजायचा.

बरोबर पद्धतीला ‘पंप डाउन’ म्हणतात. हा शब्द पाठ करा आणि मेकॅनिकला फोनवरच विचारा. बाहेरच्या युनिटला दोन पाईप जोडलेले असतात, एक बारीक, एक जाड. दोन्हींच्या टोकाला पितळी टोपणाखाली षट्कोनी चावीने बंद होणारे व्हॉल्व्ह असतात. एसी कूलिंगवर पाच-दहा मिनिटं चालवायचा, बारीक पाईपचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याजवळ येईपर्यंत थांबायचं, मग जाड पाईपचा बंद करून मशीन लगेच थांबवायचं. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडला जातो आणि तसाच नागपूरला जातो. हे स्वतः करायला जाऊ नका. गेज न लावता अंदाजाने केलं आणि हवा आत ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं आणि कान द्यायचा. नट सैल करताना क्षणभर फुस्स झालं तर ठीक. आवाज चालूच राहिला तर हात धरा त्याचा.

नागपूरला बसवताना दुसरा प्रश्न, ‘व्हॅक्यूम पंप आणणार का?’ पाईपमधली हवा पंपाने ओढून काढायची असते. आळशी मेकॅनिक मशीनमधलाच गॅस थोडा सोडून त्याच्या जोरावर हवा ढकलतो. पंप नसेल तर दुसरा माणूस बघा.

खरं तर त्याआधी विचारायला हवं की दोन्ही एसी न्यायचेच कशाला. नागपूरचा मे म्हणजे 45 अंश आणि कोरडी ठक्क हवा. अशा हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घर असं गार करतो की पुण्यातल्या माणसाला ते तिथे गेल्याशिवाय पटत नाही. घरगुती कूलरला दोन-अडीचशे वॅट पुरतात, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास ओढतो. कूलरला पाणी बरंच लागतं आणि पाऊस सुरू झाला की तो निव्वळ दमट वारा फेकतो, हेही खरं. म्हणून एक एसी न्या, दुसरा इथेच विका, त्याचाही पंप डाउन करूनच. कूलर तिथेच घ्या. आणि त्याची टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, नाहीतर डासांची पैदास घरातच.

फ्रिजबद्दल फार काही नाही. आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, उभाच न्या, पोचल्यावर काही तास थांबून चालू करा.

आता गाडी. लोक मला विचारतात, ‘सीएनजीची गाडी आहे का, इलेक्ट्रिक आहे का?’ गावातल्या गावात हलायचं असेल तर जरूर विचारा, इलेक्ट्रिक छोटा हत्ती आता मिळतो. पण 700 किलोमीटरला खरा प्रश्न वेगळा आहे. गाडी परत येताना रिकामी येणार की भरलेली? पुण्याची गाडी तुमचं सामान नागपूरला टाकून रिकामी परतली, तर त्या परतीच्या डिझेलचा भारही तुमच्याच डोक्यावर. उलट नागपूरहून माल घेऊन पुण्यात आलेली गाडी एरवीही घरी जाणारच असते. तिच्यात तुमचं बिऱ्हाड गेलं तर वेगळी फेरी होतच नाही. आमच्या भाषेत हा ‘परतीचा माल’. तो मिळवायचा तर तारखेत तीन-चार दिवसांची ढील द्यावी लागते. ‘12 तारखेला सकाळी 9 वाजता’ असं अडून बसलात तर नाही मिळत. ‘10 ते 14 मध्ये कधीही’ म्हणालात तर निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत फोन फिरवून आम्ही गाडी शोधू शकतो, आणि भाड्यातही चांगला फरक पडतो. गाडी दारात आल्यावर नंबर प्लेट बघा. एमएच 31, 40 किंवा 49 असेल तर ती नागपूरकडची, घरी निघालेली. एमएच 12 किंवा 14 असेल तर ड्रायव्हरला विचारा, ‘परत काय घेऊन येणार?’ तो खरं सांगतो. मालक सांगेलच असं नाही.

एका गाडीत तीन-चार घरांचं सामान नेण्याला ‘पार्ट लोड’ म्हणतात. कागदावर ते सगळ्यात हिरवं. पण त्यात तुमचं सामान वाटेत गोदामात उतरतं, पुन्हा चढतं, कधी दोनदा. म्हणून बांधणी दुप्पट लागते आणि फुटतं जास्त. फुटलेल्या काचेच्या टेबलाच्या जागी नवं आणलं की वाचवलेलं सगळं पाण्यात. दहा-बारा खोकी आणि एखादी सायकल असेल तर पार्ट लोड उत्तम. पूर्ण घराला मी तो सुचवत नाही. तुम्हाला सतरा फुटीऐवजी चौदा फुटी गाडी पुरेल इतकं सामान कमी करा आणि ती परतीची मिळवा. स्कूटर रेल्वेच्या पार्सलने पाठवा. पेट्रोल काढून, गोणपाट गुंडाळून, आरसीची प्रत सोबत. गाडीत स्कूटर चढवली की दहा खोक्यांची जागा जाते.

गावातल्या हलवाहलवीचा एक हिशोब, कारण हाही नेहमी विचारला जातो. घरं 12 किलोमीटरवर आहेत. छोट्या हत्तीच्या तीन फेऱ्या म्हणजे 72 किलोमीटर, लिटरला 16 धरले तर साडेचार लिटर. चौदा फुटीची एक फेरी 24 किलोमीटर, लिटरला 8 धरले तर तीन लिटर. मोठी गाडी एकदाच बरी. पण फरक फक्त दीड लिटरचा आहे, त्यावरून घरात भांडू नका. स्वतःच्या कारने ‘थोडं थोडं नेऊ’ म्हणत पंधरा चकरा मारणारे मात्र पाहिलेत. ते खरे महाग पडतात.

सामान कमी करा म्हटलं की लोक मान डोलावतात आणि शेवटच्या शनिवारी सुरुवात करतात. घर हलवण्यातला बहुतेक कचरा शेवटच्या दोन दिवसांत तयार होतो. वस्तू वाईट असतात म्हणून नाही. रात्री अकरा वाजता भंगारवाला येत नाही, वाचनालय उघडं नसतं आणि मावशींना विचारायला वेळ नसतो, म्हणून. मग काळ्या पिशव्या भरतात आणि सोसायटीच्या गेटजवळ ढीग लागतो. त्यात चांगली कढई, मुलीचे बूट, इस्त्री, औषधं, खरकटं सगळं एकत्र. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा असला एकत्र कचरा किती वर्षं सोसला, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. हीच कढई तीन आठवडे आधी माळ्यावरून उतरली असती तर कुणाच्या तरी चुलीवर असती.

तेव्हा माळ्यापासून सुरू करा, आणि आज करा. माळ्यावर तुम्हाला आधी काय सापडेल ते मी न बघता सांगतो: रिकामी खोकी. मिक्सरचं, टीव्हीचं, बाळाच्या पाळण्याचं, थर्माकोलसकट. दहा वर्षं ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली ही खोकी लोक नेमकी घर हलवायच्या आधी ‘अडगळ नको’ म्हणून रद्दीत घालतात आणि दोन दिवसांनी माझ्याकडून नवी विकत घेतात. अहो, ते ‘कधीतरी’ हेच! टीव्हीला त्याच्या मूळ खोक्यासारखं दुसरं काही नाही. तो थर्माकोल त्याच टीव्हीच्या मापाचा आहे.

माळ्यावरून उतरलेल्या वस्तूंचं काय? कपड्यांसाठी पूर्वी बोहारीण यायची. तीन जुन्या साड्यांवर एक पातेलं, आणि त्यावर अर्धा तास घासाघीस. काही गल्ल्यांत अजून येते. येत असेल तर तिलाच द्या, तिच्याइतकी कापडाची पारख कुणाला नाही. मोडकं फर्निचर, गाद्या, जुनं इलेक्ट्रॉनिक सामान यांच्यासाठी पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा व्ही-कलेक्ट नावाचा उपक्रम आहे, त्यांच्याकडे चौकशी करा. वायरी आणि जुने चार्जर नेहमीच्या भंगारात टाकू नका. तांबं काढायला ते उघड्यावर जाळले जातात. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार जुन्याच्या बदल्यात घेतो, शिसं असतं त्यात. दिवाळी अंकांचा गठ्ठा जवळच्या वाचनालयाला द्या, पण आधी विचारून.

हे ‘विचारून’ सगळ्याच देण्याला लागू आहे. बंद पडलेला मिक्सर कामवाल्या मावशींना देणं म्हणजे दान नाही, आपला कचरा त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत सरकवणं आहे. त्या नको म्हणत नाहीत, कारण म्हणू शकत नाहीत. चालू वस्तू द्या, आणि ‘नको असेल तर मोकळेपणी सांगा’ हे म्हणा.

फर्निचरचा माझा नियम रोखठोक आहे. सागवानी किंवा लोखंडी असेल तर कितीही जड असो, न्या. आजीचं लोखंडी कपाट अजून दोन पिढ्या टिकेल. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा पलंग किंवा वॉर्डरोब एकदा सुटा करून जोडला की स्क्रूची भोकं सैल होतात, दुसऱ्यांदा तो डुगडुगतो, आणि 700 किलोमीटर वाहून नेऊन वर्षभरात फेकला जातो. तो इथेच, जोडलेल्या अवस्थेत, शेजारच्या भाडेकरूला द्या. कापसाची गादी असेल तर टाकू नका. ती उसवून, पिंजून पुन्हा भरता येते. फोमच्या गादीला असा दुसरा जन्म नाही, म्हणून चांगली असेल तर नक्की न्या.

कुंड्यांबद्दल वाईट वाटेल, पण ऐका. नेचे आणि नाजूक पानांची झाडं मे महिन्यात बंद गाडीतून नागपूरला जिवंत पोचत नाहीत. शेजाऱ्यांना द्या. तुळशीच्या मंजिऱ्या कागदात बांधून न्या.

आता बबल रॅप. तुमचा मूळ प्रश्न.

बबल रॅप वितळवून पुन्हा वापरता येतो, पण फुगलेला असल्याने पोतंभर गोळा केला तरी वजन दोन किलो भरत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. त्यावर चिकटपट्टी असेल तर विषयच संपला. थर्माकोलचंही तसंच. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या, हिरवं पान छापलेल्या प्लॅस्टिकवर भाळू नका. त्यातलं बरंचसं मोठ्या खत प्रकल्पातल्या उष्णतेत कुजतं, तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत नाही.

पर्याय तुमच्या कपाटात आहे. काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातलं घर हलवलं. तिथल्या आजींनी आमच्या मुलांना भांड्यांना हात लावू दिला नाही. जमिनीवर बसून त्यांनी जुनं नऊवारी लुगडं पसरलं. एका टोकाशी काचेची बशी ठेवली, तिच्यावर लुगड्याची घडी, त्यावर दुसरी बशी, पुन्हा घडी, असं नागमोडी करत एका लुगड्यात डझनभर बश्या बसवल्या. मग तो गठ्ठा आडवा केला, म्हणजे बश्या उभ्या राहिल्या, आणि पिंपात घातला. खाली-वर गोधडी. लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून त्या मांडीवर घेऊन त्या रिक्षाने गेल्या. एकही बशी फुटली नाही. त्याच आठवड्यात आमच्या बबल रॅपमधल्या चार फुटल्या होत्या, कारण मुलांनी त्या आडव्या रचल्या होत्या. बशी उभीच ठेवायची. कशात गुंडाळली यापेक्षा हे महत्त्वाचं. तेव्हापासून आमच्याकडे हाच शिरस्ता आहे.

लुगडी नसतील तर टॉवेल, चादरी, स्वेटर. ते तसेही न्यायचेच आहेत. पिंप, बादल्या, कुकर, डबे रिकामे नेऊ नका. पुस्तकं चाकांच्या सुटकेसमध्ये, हलकं सामान मोठ्या खोक्यात. उलटं केलं की हमालाची कंबर जाते आणि खोक्याचा तळही. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कपांना लागते, पण धुतली की जाते.

खोकी जुनी घ्या. औषधाच्या दुकानातली स्वच्छ आणि मजबूत असतात. काचेच्या पेल्यांना दारूच्या दुकानातली कप्प्यांची खोकी सोन्यासारखी, सोसायटीत कोण काय म्हणेल त्याची पर्वा नसेल तर. किराणा दुकानातली घेताना पुठ्ठ्याच्या नळ्यांत टॉर्च मारून झुरळांची अंडी बघा, नाहीतर पुण्याची झुरळं नागपुरात वसाहत करतील. चिकटपट्टी फक्त तळाला लावा. वरची झाकणं एकात एक अडकवून सुतळी बांधा. वरून पट्टी लावली की उघडताना पुठ्ठा सोलला जातो आणि खोकं एका वापरात संपतं. सुतळीचं आणि कोरडं ठेवलेलं खोकं आमच्याकडे पाच-सहा घरं बघतं. तुम्ही मे महिन्यात हलताय हे या बाबतीत भाग्य. जुलैत हेच सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावं लागतं. ताडपत्री तरीही गाडीत हवीच, वळवाचा नेम नाही.

‘पर्यावरणपूरक कंपनी’ कोणती, याला माझ्याकडे नाव नाही. मी स्वतः या धंद्यातला, माझं नाव घेतलं तर ती जाहिरात होईल. ज्याला फोन कराल त्याला तीन गोष्टी विचारा. फर्निचरला गुंडाळायला जाड ब्लँकेटं वापरता का आणि ती परत नेता का? वापरलेली खोकी द्याल का, आणि रिकामी झाल्यावर घ्यायला याल का? परतीची गाडी मिळेल का? तिन्हींना अडखळत उत्तर आलं तर त्याच्या पत्रकावर कितीही झाडं छापलेली असोत, पुढचा नंबर फिरवा.

एक-दोन गोष्टी गाडीत चढवूच नका. गॅस सिलिंडर जमा करून कनेक्शनच्या बदलीचा कागद घ्या. ॲसिड, रंग, रॉकेल सोबत नेऊ नका आणि बेसिनमध्ये ओतूही नका. शेजाऱ्याला रंग लागतच असतो. मे उजाडायच्या आधी किराणा भरणं थांबवा आणि डबे रिकामे करत जा. शेवटच्या आठवड्यात रोज वरण-भात आणि उरलेल्या पापडांची भाजी खाल्लीत तरी काही बिघडत नाही.

आणि चहाचं पातेलं, गाळणं, आठ स्टीलचे पेले आणि पाण्याची कळशी सगळ्यात शेवटी बांधा. हमाल सकाळपासून तीन वेळा चहा पितात, आठ माणसं असतात, आणि पेले आधीच खोक्यात गेले म्हणून दर वेळी कुणीतरी कागदी कपांची थप्पी आणायला धावतं. पेले विसळून ड्रायव्हरच्या शेजारच्या पिशवीत टाका. नागपूरला उतरल्यावर पहिले तेच लागतील.